सई घेतली

"मशीन कधी पाठवणार होतात हो तुम्ही?"

फोनवर एक बाई बोलत होती. आवाज कोरडा होता, जागरणाने घसा बसलेला.

"आईला पहाटे दवाखान्यात न्यावं लागलं. यादीत पहिला नंबर तिचाच आहे, असं तुम्हीच सांगितलं होतंत."

शुक्रवार होता, सकाळचे नऊ वाजले होते. घरी असलेल्या रुग्णांना ऑक्सिजनची मशीनं वापरायला देणारं ते छोटं केंद्र नुकतंच उघडलं होतं. फोन उचलला तो ॲपवालीने. केंद्राचं वेब ॲप तिनेच तीन आठवड्यांपूर्वी करून दिलं होतं आणि आज ती त्यातल्या किरकोळ दुरुस्तीसाठी आली होती. तिने पेशंटचं नाव स्क्रीनवर शोधलं.

पेशंट म्हणजे एक निवृत्त शिक्षिका. त्यांच्या नावापुढे हिरवी खूण होती. मशीन मिळालं, मंगळवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. खाली शेरा होता:

*मशीन सात पोचलं सई घेतली*

"तुमच्याकडे मशीन आलेलं दिसतंय," ती चाचरत म्हणाली.

"आलं असतं तर मी फोन कशाला केला असता?"

ॲपवाली धावत मागच्या खोलीत गेली. रॅकवर सात नंबरची जागा रिकामी होती.

परत येऊन तिने ती नोंद पुन्हा उघडली. नोंद कुणी केली हे ॲप प्रत्येक ओळीपुढे आपोआप लिहीत असे. या ओळीपुढे लिहिलेलं नाव तिचं स्वतःचं होतं.

तिने ताबडतोब मामाला बोलावून घेतलं.

मामांनी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. तिथे त्यांना सगळे 'वेलांटी' म्हणत, कारण चुकलेली वेलांटी त्यांना तीन हातांवरून दिसे. पोलिसांशी त्यांचा आयुष्यात संबंध आला नव्हता. पण भाची रडवेली झाली होती आणि मामांना नाही म्हणता आलं नाही.

"तू नेमकं काय बांधलंयस, ते मला अडाण्याला सांगावं तसं सांग," खुर्ची ओढत ते म्हणाले.

"एक पान आहे. फोनवर उघडतं, कॉम्प्युटरवरही उघडतं. त्यात फॉर्म भरला की माहिती क्लाउडवर जाते. म्हणजे दूरच्या कुठल्यातरी कॉम्प्युटरमध्ये आपण थोडी जागा घेतलीय. वही इथल्या कपाटात न ठेवता तिथे ठेवली, एवढंच."

"वहीत लिहिणार कोण?"

"चौघंच. व्यवस्थापकताई, मिस्त्री, ड्रायव्हर आणि मी. प्रत्येकाचं खातं वेगळं. आणि एकदा लिहिलेलं कुणालाच खोडता येत नाही, अगदी मलासुद्धा. चुकलं तर खाली नवीन ओळ लिहायची."

"शहाणपणा केलास. आणि ही यादी कोण लावतं?"

"कुणीच नाही. घरचे लोक दर सोमवारी रुग्णाच्या बोटाला चिमटा लावून ऑक्सिजनचा आकडा कळवतात. तो भरला की यादी आपोआप बदलते. ज्याचा आकडा सगळ्यात कमी तो सगळ्यात वर. पूर्वी ताई स्वतः ठरवायच्या. लोक त्यांच्यापुढे रडायचे, ओळखी काढायचे. ते नको म्हणून तर त्यांनीच ॲप करून मागितलं."

मामांनी मान डोलावली. "मंगळवारी दुपारी दोनला तू कुठे होतीस?"

"मामा, तूसुद्धा?"

"सगळ्यांना विचारणार आहे. सुरुवात घरापासून केलेली बरी."

"दाताच्या डॉक्टरकडे. आ वासून बसले होते. फोन पर्समध्ये होता."

"पासवर्ड कुणाला दिलायस?"

"कुणालाही नाही."

"ही नोंद फोनवरून झाली की कॉम्प्युटरवरून?"

"ते टिपून ठेवायची सोय मी केलीच नाही." तिने ओठ चावला. "साधं ॲप हवं होतं ना."

तेवढ्यात दार उघडलं आणि व्यवस्थापकबाई आत आल्या. पन्नाशीच्या, नीटनेटक्या. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. भाचीने घडलेलं सांगितलं तसा त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

"दवाखान्यात? कशा आहेत त्या?"

"अजून काही सांगता येत नाही म्हणतात."

बाई मटकन खाली बसल्या. मामांनी त्यांना पाणी दिलं आणि मग स्क्रीनवरच्या ओळीवर बोट ठेवलं. "ही सई कोण?"

"सई नावाचं आपल्याकडे कुणी नाई," बाई म्हणाल्या. "पेशंटमध्ये नाई, त्यांच्या घरच्यांत नाई. मी सगळ्यांना ओळखते. कुणीतरी परकी बाई आली आणि मशीन घेऊन गेली, असंच दिसतंय."

"मंगळवारी दुपारी तुम्ही इथे होतात?"

"एक ते तीन मी जेवायला घरी असते. रोजच. आईला भरवायचं असतं."

"हाताला काय झालं?"

"जिन्यावरून घसरले. दहा दिवस झाले, कामाचं काईच जमत नाई."

"मग मशीनच्या खोलीची किल्ली?"

"माझ्याकडे एक, मिस्त्रींकडे एक." त्या थांबल्या. मग भाचीकडे न बघता म्हणाल्या, "बोलायला वाईट वाटतं, पण नोंद तर इच्याच नावावर आहे. त्या क्लाउडमधलं मला काई कळत नाई. कळतं ते इलाच."

भाचीचे कान तापले. ती काही बोलणार, तेवढ्यात मामांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

मिस्त्री मागच्या खोलीत एका मशीनचं पोट उघडून बसला होता. त्याने वर न बघता सुनावलं, "मी पहिल्यापासून सांगत होतो, वही बरी. वहीतलं अक्षर कुणाचं ते तरी कळतं."

"खरं आहे," मामा म्हणाले. "मंगळवारी दोनच्या सुमाराला तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. काम करत होतो."

"काय काम?"

मिस्त्रीने पकड खाली ठेवली. "काका, खरं सांगू? जेवून जरा आडवा झालो होतो. कुणाला सांगू नका."

"झोप लागली होती?"

"लागत होती. सात नंबरच्या पुढच्या चाकाला तेल द्यायचं राहिलंय, ते कुरकुरतं. तो आवाज आला. दीड-पावणेदोन झाले असतील. म्हटलं, ड्रायव्हर नेतोय."

"व्हॅन कुठे उभी असते?"

"मागच्या दाराशी."

"आवाज मागच्या दाराकडे गेला?"

मिस्त्री विचारात पडला. डोळे मिटून तो आवाज त्याने पुन्हा ऐकल्यासारखा केला. "नाही हो. पुढे गेला. रस्त्याकडे."

ड्रायव्हर अकराला आला. आधी तो बसवर कंडक्टर होता. आवाज असा, की शेवटच्या बाकावर झोपलेला माणूस दचकून उठावा. सई कोण, हे विचारल्यावर तो उखडलाच.

"माझ्याकडून पावतीशिवाय मशीन हलत नाही, काका. हे बघा पुस्तक. मंगळवारी दोन वाजता मी गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होतो. ही पावती, ही वेळ, ही सही. सात नंबरची पावती आहे का कुठे? नाही ना?"

"आणि ॲपमध्ये नोंद कधी करता?"

"तिथल्या तिथे. लिहीत बसायला वेळ कुणाला आहे? फोनला सांगतो, फोन लिहितो." त्याने आवाज खाली आणला. "बाईंचा हात मोडल्यापासून आकडे भरायचं कामही माझ्याच गळ्यात पडलंय. त्या कागद देतात, मी भरतो."

तो गेल्यावर भाची कुजबुजली, "मामा, तो फोनला बोलून लिहितो. ही नोंदही तशीच वाटते. ना पूर्णविराम, ना काही."

"वाटते खरी," मामा म्हणाले. "मला सगळ्या नोंदी कागदावर छापून दे. पहिल्या दिवसापासूनच्या. आणि यादीही दे, आकड्यांसकट."

"दीडशे ओळी आहेत."

"मी हजार पानांचे कोश तपासलेत, बाळा."

खिशातून लाल पेन्सिल काढून मामा खिडकीशी बसले. दीड तास ते कुणाशी बोलले नाहीत. कागदावर अधूनमधून एखादी खूण उमटत होती. व्यवस्थापकबाई आपल्या टेबलाशी बसून होत्या. फोन वाजला की त्या दचकत. मिस्त्री उगाच दोनदा पाणी प्यायला येऊन गेला. ड्रायव्हर दाराशी उभा राहून सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होता. त्या खोलीत आज कुणालाच कुणाचा भरवसा वाटत नव्हता.

मध्येच मामांनी भाचीला जवळ बोलावलं. "तुझ्या स्वतःच्या खात्याने दुसऱ्या कुणाच्या फोनवर शिरली होतीस?"

"पहिल्या दिवशी. तिघांच्याही. छोट्या स्क्रीनवर पान नीट दिसतं का, ते बघायला. ताई कॉम्प्युटरवर काम करतात, बाकी दोघं फोनवर."

मामांनी आणखी एक खूण केली.

"आणि बुधवारी दोन नंबरचं मशीन परत आलं होतं असं इथे दिसतंय. ते कुणाला गेलं?"

"यादीत पुढे जे होते त्यांना. शिक्षिकाबाईंना मशीन मिळालंय अशी नोंद होती ना, त्यामुळे त्या यादीतून बाहेर पडल्या होत्या."

मामांनी चष्मा काढून पुसला. "सगळ्यांना बोलाव," ते म्हणाले.

टेबलाभोवती चौघं बसले. मामांनी छापील कागद मधोमध ठेवला.

"मला मशीनं कळत नाहीत आणि क्लाउडही कळत नाही," त्यांनी सुरुवात केली. "मला वाक्यं कळतात. सकाळपासून सगळे सईला शोधताहेत. सई नावाची कुणी बाई आली असती आणि तिने मशीन घेतलं असतं, तर लिहिणाऱ्याने काय लिहिलं असतं? 'सईने घेतलं.' इथे 'ने' नाही. ठीक आहे, घाईत राहिला असेल. पण 'घेतली' का? याच ओळीत, याच माणसाने मशीन 'पोचलं' म्हटलंय. एका दमात मशीन 'पोचलं' आणि 'घेतली' होत नाही. म्हणजे जी घेतली, ती मशीन नव्हे. दुसरी काहीतरी स्त्रीलिंगी वस्तू आहे."

ड्रायव्हरचे डोळे चमकले. "सही!"

"सही. 'मशीन सात पोचलं, सही घेतली.' सई नावाची बाई या जगात असेल, पण या प्रकरणात नाही."

मिस्त्रीने ड्रायव्हरकडे मान वळवली. "म्हणजे फोनला बोलून लिहिलंय. इथे बोलून कोण लिहितं?"

"ए, तोंड सांभाळ!" ड्रायव्हर गरजला.

"थांबा," मामा म्हणाले. "ड्रायव्हरसाहेबांच्या बेचाळीस नोंदींत 'सही घेतली' आहे. बेचाळीसही वेळा फोनने 'ह' नीट ऐकलाय. तो आवाज ऐकल्यावर फोनची काय बिशाद आहे चुकायची? शिवाय पावती सांगते की ते गावाच्या दुसऱ्या टोकाला होते. मशीन पुढच्या दाराने गेलं, व्हॅन मागे असते. ते यातून सुटले. मिस्त्री बोटाने टाइप करतात आणि मशीनमधली 'शी' न चुकता ऱ्हस्व काढतात. या नोंदीतली दीर्घ आहे."

मिस्त्रीने कान खाजवला.

"राहिली माझी भाची. ती टाइप करताना वाक्याच्या शेवटी पूर्णविराम द्यायला विसरलेली मी पाहिलेली नाही. आणि तिला बोलून लिहायचं कारणच काय? दोन्ही हात धड आहेत."

सगळ्यांची नजर सावकाश एका जागी गेली. प्लास्टरवर.

व्यवस्थापकबाई ताठ बसल्या होत्या.

"तुमच्या नोंदी मी वाचल्या," मामा त्यांना म्हणाले. आवाजात कुठेही चढ नव्हता. "सगळ्या टाइप केलेल्या, सगळ्या नेटक्या. दहा दिवसांपूर्वी त्या बंद झाल्या. हात मोडला. पण तुमचा फोन होता. पहिल्या दिवशी हिने तो हातात घेतला, आपल्या खात्याने पान उघडून पाहिलं आणि परत दिला. बाकी दोघांच्या फोनवर तिने त्यांचं त्यांचं खातं चालू करून दिलं, कारण ते फोनवरूनच काम करतात. तुम्ही कॉम्प्युटर वापरता, म्हणून तुमच्या फोनवर आपलं खातं तसंच उघडं राहिलंय हे तिच्या लक्षातच आलं नाही."

भाचीने कपाळावर हात मारला.

मामांनी आपला फोन उघडून बाईंच्या पुढे ठेवला. "चुकीचं बोलत असेन तर मी पाया पडून माफी मागेन. तुमच्या बोलण्यात 'ह' गळतो, 'नाही'चं 'नाई' होतं. हेच वाक्य एकदा याला सांगा. सगळेच सांगतील."

बाईंनी डाव्या हाताने फोन परत सरकवला. मग म्हणाल्या, "राऊ दे. मी बोलले तर तेच उमटेल."

"ताई!" भाची खुर्चीतून उठलीच. "माझ्या नावावर?"

"फोनवर वर तुझं नाव दिसत ओतं. मी पाइलं." बाई म्हणाल्या. "बदललं नाई."

"मशीन कुठे आहे?" ड्रायव्हरने विचारलं.

उत्तर मामांनी दिलं. त्यांनी यादीचा कागद पुढे सरकवला. "नववा नंबर. यांच्या आई. वरच्या आठ जणांपुढे तीन-तीन आकडे आहेत, दर सोमवारचा एक. यांच्या आईपुढे एकच आहे, तीन आठवड्यांपूर्वीचा. एक्क्याण्णव. दुसऱ्यांचे आकडे न चुकता कळवणारी बाई स्वतःच्या आईचाच आकडा का कळवत नाही, हे मला कळेना."

"कसा कळवणार?" बाई एकदम उसळून बोलल्या. "आधीच लोक म्हणायचे, बाई आपल्या माणसांना पुढे घेतात. म्हणून तर ॲप आणलं. आणि दुसऱ्याच आठवड्यात माझीच आई वर चढायला लागली तर? कोण विश्वास ठेवेल? म्हटलं, थांबू. मग रविवारपासून तिचा श्वास लागायला लागला. मंगळवारी दुपारी तिची नखं निळी दिसली. मी आले, सात नंबर ओढत रस्त्यावर नेलं, टॅक्सी केली. रॅक रिकामा दिसणार, म्हणून नोंद केली. म्हटलं, एक-दोन दिवसांत दुसरं मशीन येईल, ते शिक्षिकाबाईंना देऊ."

"मंगळवारी आईचा आकडा किती होता?"

"ब्याऐंशी."

"आणि शिक्षिकाबाईंचा?"

"पंच्याऐंशी," भाची म्हणाली. ती कॉम्प्युटरकडे वळली होती. तिने नववी ओळ उघडली, ब्याऐंशी भरला आणि बटण दाबलं. यादी क्षणभर पुसली गेली आणि पुन्हा उमटली.

नववा नंबर पहिला झाला होता.

मिस्त्री पुटपुटला, "म्हणजे ते मशीन..."

"यांच्याच आईचं होतं," मामा म्हणाले. "खरा आकडा भरला असता तर मंगळवारी ड्रायव्हरसाहेबांनी ते घरपोच नेलं असतं. शिक्षिकाबाई दुसऱ्या नंबरवर गेल्या असत्या आणि बुधवारी दोन नंबरचं मशीन त्यांना मिळालं असतं. पण त्यांना मिळालंय असं वहीत लिहिलं होतं, त्यामुळे बुधवारी त्यांची आठवणच कुणाला झाली नाही. त्या यादीच्या बाहेर बसून फोनची वाट बघत राहिल्या."

बाईंनी डावा हात तोंडावर घेतला. बुधवारचं त्यांना ठाऊक होतं. दोन नंबर परत आलं तेव्हा त्या याच टेबलाशी बसल्या होत्या. आता शिक्षिकाबाईंचं नाव सुचवलं तर ती खोटी नोंद उघडी पडेल, म्हणून त्या गप्प राहिल्या होत्या. हे कुणी विचारलं नाही. त्यांनी स्वतःच सांगितलं, खाली बघत, तुटक तुटक.

मग त्या उठल्या. टेबलावरच्या फोनचा रिसीव्हर खांद्यात धरून त्यांनी डाव्या हाताने शिक्षिकाबाईंच्या मुलीचा नंबर फिरवला. त्यांना कुणी थांबवलं नाही.

"मी केंद्राची व्यवस्थापक बोलतेय. तुमच्या आईच्या नावावरची ती नोंद खोटी ओती. मी केली ओती. मशीन मी माझ्या आईसाठी नेलं."

मग मुलीने एकच प्रश्न विचारला. खोली इतकी शांत होती, की तो सगळ्यांना ऐकू गेला.

"त्यानंतर दुसरं मशीन आलं होतं का?"

"आलं ओतं," बाई म्हणाल्या. "बुधवारी."

फोन बंद झाला. बाईंनी रिसीव्हर जागेवर ठेवला, गळ्यातली मशीनच्या खोलीची किल्ली काढली आणि मिस्त्रीच्या हातात दिली. मग कुणाकडे न बघता त्या दाराबाहेर पडल्या.

शिक्षिकाबाई बाराव्या दिवशी घरी आल्या. त्या दिवशी ड्रायव्हर पाच नंबरचं मशीन घेऊन त्यांच्या दारात आधीच उभा होता.